पाच होड्या, दोन गेल्या

सुमनबाई गेल्याचं शिपाईमावशींनी वर्गाच्या दारात येऊन सांगितलं, तेव्हा मी पहिलीच्या मुलांसाठी फळ्यावर सहा पेरू काढले होते. दोन खाल्ले, किती उरले? खडू हातात तसाच राहिला… मुलं मात्र ‘चार, चार’ ओरडत होती. त्याला आता महिना झाला.

कळव्याच्या शाळेत मी लागले ती ऐंशीच्या दशकात, डोंबिवलीहून, डीएडचं प्रमाणपत्र आणि भरपूर शिष्टपणा घेऊन. आम्ही पाच शिक्षिका. सुमनबाई सगळ्यांत मोठ्या, वर्तकनगरला राहायच्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला त्या वजाबाकीची चित्रं काढायच्या. त्यांची बदकं थेट कोंबड्यांसारखी दिसायची. चिडवलं की म्हणायच्या, ‘‘अगं, मोजता येतात ना? मग झालं तर.’’

त्यांचंच एक चित्र घेऊन मी एकदा वजाबाकी घेतली. पाच होड्या, दोन खाडीत गेल्या, किती उरल्या? कोळीवाड्यातल्या हिरानं पाटीवर लिहिलं, पाच. मी चित्रातल्या दोन होड्यांवर लाल पेनानं फुल्या मारल्या आणि तिला उभं केलं. ‘‘दोन गेल्या ना? मग?’’

‘‘बाई, होऱ्या सांजचे येतान ना परत…’’

सगळ्या वर्गासमोर तिच्याकडून मी ‘तीन’ वदवून घेतलं. म्हणता म्हणता ती रडायला लागली. मला वाटलं, हट्टी आहे कार्टी.

मधल्या सुट्टीत सुमनबाईंनी मला बाजूला घेतलं. ‘‘अगं, तिचा बाप पंधरा दिवसांपूर्वी होडी घेऊन गेलाय. अजून आला नाही.’’ एवढंच बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तो परत आलाच नाही. त्यानंतर सुमनबाईंनी फक्त खाल्लेल्या वस्तू वजा केल्या… पेरू, बोरं, वडे. मीही तसंच शिकवत राहिले, पण ‘माझं चुकलं’ हे त्यांना कधी म्हणाले नाही. इतकी वर्षं रोज समोरासमोर बसून चहा प्यायलो, तरी धीर झाला नाही.

परवा आम्ही चौघी शाळेतलं त्यांचं कपाट आवरत असताना पत्रिकांच्या गठ्ठ्याच्या तळाशी ते होड्यांचं चित्र निघालं. माझ्या फुल्या त्यांनी रबरानं खोडून पाहिल्या होत्या. शाई गेली नव्हती, कागद तेवढा विरला होता.

तेवढ्यात मावशी किटली घेऊन आल्या. ‘‘बाई, आता तरी कप चारच मांडू ना?’’

‘‘पाच,’’ मी म्हणाले, आणि हिरा रडली होती तशी सगळ्यांसमोर रडले.