मायाप्पा मास्तरांचा आठ

निपाणीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मायाप्पा मास्तरांना एका खेळाचं वेड लागलं होतं. एखादी संख्या घ्यायची, तिचे मूळ अवयव लहानापासून मोठ्यापर्यंत एकाला एक चिकटवून लिहायचे, झाली नवी संख्या. मग तिचे अवयव. मूळ संख्या आली की खेळ संपला. नवाचे तीन आणि तीन, म्हणजे तेहतीस. तेहतीसचे तीन आणि अकरा, म्हणजे तीनशे अकरा. ही मूळ. संपलं.

आठ मात्र संपेना. फुगत फुगत तो ७१४९३१७९४१ पर्यंत गेला आणि तिथं अडला. या संख्येला कशानंच भाग जाईना.

मास्तर ती घेऊन बेळगावला, कॉलेजात गणिताचे प्रमुख असलेल्या हरिभाऊंकडं गेले. हरिभाऊंनी त्यांना व्हरांड्यातच बसवलं, आकडा टिपून घेतला. पुढच्या खेपेला म्हणाले, "मूळ आहे म्हणता, तर सिद्ध करा. वर्गमुळापर्यंत, म्हणजे चौऱ्याऐंशी हजारांच्या पुढपर्यंत, प्रत्येक मूळ संख्येनं भागून या. परिसंवादात बोलायला उभं करतो. आमच्याकडं जागाही निघतेय."

दोन वर्षं मास्तर भागत राहिले. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी त्यांची बायको शेवंताबाई म्हणायची, "पोरीसंगं तरी बोला की वो जरा."

"गप गं."

मधूनमधून ते बेळगावला जाऊन सांगत, "साठ हजार ओलांडले, सर."

"वा! चालू द्या."

एक्क्याऐंशी साली परिसंवाद भरला. मास्तर नवा सदरा घालून उभे राहिले. शेवंताबाई आणि सुजाता, त्यांची लेक, मागच्या बाकावर. बोलणं संपताच हरिभाऊंनी विचारलं, "दोनशे एकोणतीसनं भागलंत?"

"व्हय सर, अगदी सुरुवातीलाच."

"परत भागा. फळ्यावर."

मास्तरांनी भागलं. बाकी शून्य. दोन वर्षांपूर्वी वजाबाकीत एक हातचा राहून गेला होता. त्यानंतरचं सगळं भागणं फुकट होतं. सभागृह हसलं.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला," हरिभाऊ शेजाऱ्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "म्हटलं, बघू या कुठवर भागतात."

शेवंताबाई उठून उभी राहिली. "ठाव हुतं तर सांगितलं का न्हाईसा, सायेब?"

"विचारलं कुठं त्यांनी?"

कॉलेजातली जागा दुसऱ्यालाच मिळाली. मास्तर शाळेत शिकवत राहिले, पुस्तकाबाहेरचं एकही उदाहरण घालीनात. महिन्याभरानं सुजाता पाटी घेऊन आली. "आप्पा, एक्क्याण्णव मूळ हाय का वो?"

मास्तरांनी तिच्या कानशिलात भडकावली. त्याआधी त्यांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. पोर रडलीही नाही, नुसती बघत राहिली. शेवंताबाईनं तिला ओढून आत नेलं आणि दाराला कडी घातली. मास्तर बाहेर उभे राहून "सुजा, उघड बाळ" म्हणत होते.