माझ्या कथेला पिठलं-भात

आता कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

मी साहित्याची प्राध्यापक. दरवर्षी पहिल्याच तासाला पोरांना बजावते, "कथेतला 'मी' म्हणजे लेखक नव्हे!" यंदा एका दिवाळी अंकात माझी कथा आली. तिच्यात 'मी' आहे, माझी लहान पोर आहे, आमचाच दिल्लीतला मयूर विहारचा फ्लॅट आहे, आणि पहिल्याच ओळीत 'माझ्या' सासूबाई वारतात.

खऱ्या सासूबाई? ठणठणीत! त्या आहेत म्हणून तर तीन वर्षांच्या ईराला घरी सोडून मी मेट्रो पकडते. त्या रुसून साताऱ्याला गेल्या तर? अंक मी स्वेटरांच्या ढिगाखाली दडपला.

रविवारी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या पाटणकर काकू, महिनाभर पुण्याला राहून आलेल्या. हातात डबा, चेहरा पडलेला.

"अंकात वाचलं गं."

वाचक! दिल्लीत! मराठी! मी विरघळलेच. "अय्या, खरंच? कसं वाटलं?"

"कसं वाटणार? रडले मी."

"थँक यू, काकू!"

काकू दचकल्या. "पण असं अचानक?"

"अचानक कुठलं! दोन वर्षं मागे लागले होते. शेवटी एका बैठकीत उरकून टाकलं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!"

"आणि... तुझा नवरा?"

"तो म्हणाला, चलो, सुटलीस एकदाची! बाहेर जेवायला नेलं."

काकूंनी डबा पुढे केला. "पिठलं-भात आहे. उशीर झाला, पण रीत सोडवत नाही गं."

कथेला पिठलं-भात? तो तर लोक मयताच्या घरी... अगं बाई!

तेवढ्यात लिफ्ट उघडली. एका हातात ईरा, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी, आणि मध्ये साक्षात सासूबाई! काकूंनी किंचाळून भिंतच धरली.

मग काय, अंक बाहेर काढावा लागला. सासूबाईंनी चष्मा लावून अख्खी कथा वाचली, तोच पिठलं-भात खात. मला डोळ्यांसमोर साताऱ्याचं तिकीट दिसत होतं.

"बरं लिहिलंयस," अंक मिटत त्या म्हणाल्या. "सासू मरते, मग सून खिडकीत बसून पाच पानं विचार करते. अच्छा. पण मला सांग, तेवढा वेळ पोरीला कोण बघतंय?"

पोरांच्या कथांतली भोकं दाखवायचा पगार घेते हो मी!

"आई, अजून थोडं पिठलं वाढू?"