शेवटचा बाक

आमच्या चामराजपेटेत सायकली दुरुस्त करणारा एक बेळगावकडचा शेजारी होता. चर्चमध्ये तो कायम शेवटच्या बाकावर बसायचा. ‘आपण पापी, आपली जागा मागंच,’ हे तो पहिल्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगायचा. एका रविवारी मी मुद्दाम लवकर जाऊन त्याच्या त्या शेवटच्या बाकावर बसलो.

“मास्तर, स्वल्प पुढं सरका. नम्रतेची ही जागा माझी आहे.”

मी हललो नाही. उपासनाभर तो दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता.

पुढच्या रविवारी तो चक्क पहिल्या बाकावर, मान खाली घालून बसला होता. बाहेर आल्यावर मी कारण विचारलं.

“मागं बसलो की मी फुगायचो. पुढं लाज वाटते, मग प्रार्थना खरी होते.” जाता जाता म्हणाला, “मागचा बाक आता तुम्हीच ठेवा, मास्तर. गेल्या रविवारी तिथं तुम्हीही चांगलेच फुगला होता.”