हारुको-सान खाली थांबल्या होत्या

आयुष्यात मी एकाच बाईवर जळलो. ती काल जपानमध्ये वारली.

हारुको-सान. शारजात, अल मजाजला, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या. नवरा इंजिनिअर. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

बिल्डिंगमागे मोकळी वाळू होती. दर शुक्रवारी माझ्या दुबईतल्या अल क्वोजच्या वर्कशॉपमधली कोकणातली माणसं तिथं व्हॉलीबॉल खेळायची. सेटर मी, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा.
मालक म्हणून नाही हां. गावच्या टीमचाही सेटर मीच होतो.

माझी सई, तेरा वर्षांची, कडेला बसून ओरडायची, "नाइस वन, बाबा!"
आठवड्याचा शीण तिथंच खलास.

एका शुक्रवारी हारुको-सान भाजीची पिशवी घेऊन थांबल्या. "मे आय?"
पिशवी सईकडे दिली आणि पहिला बॉल उचलला.

माझा कान तिखट. माझ्या बोटांना बॉल लागला की टप्प वाजायचं. त्यांच्या बोटांना लागला, काहीच ऐकू आलं नाही.

आमच्या दिनू वेल्डरने तो बॉल असा हाणला की स्वतःच हसत सुटला. "शेठ, तुमी आता बॉल आणून द्या फक्त!"
सगळे हसले. मीही हसलो.

मग सई रोज त्यांच्याकडे शिकायला. घरी आली की त्यांचंच पुराण.
शाळेतूनच त्यांना एका कापडगिरणीच्या टीमने उचललं. सकाळी गिरणीच्या ऑफिसात काम, दुपारपासून प्रॅक्टिस. पेपरात फोटो स्मॅश मारणारीचा, यांची नुसती बोटं. नॅशनल कॅम्पपर्यंत पोचल्या आणि गुडघा गेला. सव्विसाव्या वर्षी करिअर संपलं.

"शी नेव्हर कम्प्लेन्स, बाबा. यू ऑलवेज शाउट."

शुक्रवारी सई यायची, पण बघायची त्यांच्याकडे. दोन वर्षं मी एक "नाइस वन" ऐकला नाही.

मग त्यांच्या नवऱ्याची बदली झाली. निघायच्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी उचलला.
"सई-चान? टुडे, फाइव्ह ओ'क्लॉक. डाउनस्टेअर्स. आय वेट."
"येस येस, इन्शाल्ला."

त्या रात्री निघणार अशा समजुतीत सई आतल्या खोलीत अभ्यास करत होती.
बायकोने विचारलं, "कुणाचा हो?"
"राँग नंबर."

पाच वाजता मी बाल्कनीत. खाली टॅक्सी उभी. हारुको-सान बाहेर, हातात बॉल. नवरा घड्याळ दाखवत होता, त्या मान हलवत होत्या.
शेवटी बॉल वॉचमनकडे देऊन गेल्या.

तो बॉल हातात घेऊन सई म्हणाली, "शी डिडन्ट इव्हन वेट?"
मी म्हटलं, "मोठी माणसं, बेटा. बिझी असतात."

सईने त्यांना कधी पत्र लिहिलं नाही. त्यांची दोन आली. उत्तर न मिळाल्यावर त्यांची पत्रंही थांबली.

काल जुन्या शेजाऱ्याने बातमी कळवली. आज सकाळी सईला फोन करून सगळं सांगितलं, मगच इथं लिहितोय.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "हाऊ लाँग डिड शी वेट, बाबा?"
"वीस मिनिटं."

रडायला लागली. माझ्यावर चिडून नाही, त्यांच्यासाठी.
खोटं कशाला बोलू, त्याही क्षणी मला हेवाच वाटला.

फोन तिने ठेवला. अजून उचलत नाही.

हारुको-सान, ती आली असती. मी येऊ दिलं नाही.
या, सुखाने.