शेवटच्या डावातला खोकला

मिरजेला गाडीत बसताना बायको खिडकीतून म्हणाली, "तिथं जाऊन तोंड उघडू नका. तिचा खेळ आहे, तुमचा अड्डा नव्हे."

मी उभा जन्म ट्रक चालवला. बंगळूरला कैकदा गेलो, पण कांद्याच्या बाजारात माल उतरवायचा आणि माघारी फिरायचं. शहर असं बघितलंच नव्हतं. आता मात्र सुनेसाठी निघालो होतो. माधवी इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ खेळते. त्यातून देशाच्या स्पर्धेला कोण जाणार, ते त्या रविवारी जयनगरात ठरणार होतं. मागच्या खेपेला ती एका डावानं हुकली होती. मुलगा कामानिमित्त परदेशी, म्हणून मी फोनवर सांगून टाकलं, "एकटी जायचं नाही. मी येणार."

"बाबा, मी रोज एकटीच ऑफिसला जाते."

"ते ऑफिस झालं."

त्यांचं घर व्हाइटफील्डला. जिकडं बघावं तिकडं काचेच्या इमारती, आणि त्यांच्या अंगणात पाणी मारून वाढवलेलं गवत. ज्याला खायला एक शेळी नाही. सकाळी मेट्रोत बसलो, मॅजेस्टिकला गाडी बदलली आणि जयनगरला उतरलो तर गावच बदललं. रस्त्याच्या दोन्ही अंगांची झाडं वर एकमेकांत गेलेली, खाली गार सावली. कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्यानंच खाल्लं. एकाच ताटलीत खारा बाथ (तिखट सांजा) आणि केसरी बाथ (आपला शिरा). मी चटणी मागितली.

"स्वल्प, अण्णा?" वाढप्यानं विचारलं. स्वल्प म्हणजे थोडी.

"थोडी कशाला? भरपूर वाढ."

तिथंच घसा खवखवला. ब्याडगीची मिरची वाहून वाहून मला खोकला जडलाय, त्याला निमित्तच लागतं.

दारात माधवीनं बजावलं, "डाव चालू असताना बोलायचं नाही. खुणा नाहीत, खाकरणं नाही. कुणी तक्रार केली तर डाव जाईल."

"मी काय लहान आहे?"

एका शाळेचा हॉल होता. टेबलाटेबलाशी दोघं दोघं समोरासमोर, मधे पट. अक्षरांच्या सोंगट्या कापडी पिशवीत. सोंगटी काढताना पिशवी डोळ्यांच्या वर धरायची आणि मान फिरवायची, म्हणजे आतलं दिसायला नको. एवढी माणसं, पण आवाज फक्त सोंगट्यांचा. बाजूला दोन तोंडांचं घड्याळ. आपला शब्द मांडला की बटण दाबायचं, मग समोरच्याचा वेळ पळतो. विसरलात तर आपलाच पळतो, आणि तो संपला की गुण कापतात. समोरच्यानं आठवण करून द्यायची सक्ती नाही. शब्द मला कळत नव्हते. घड्याळ कळत होतं.

शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. मला मराठीत म्हणाली, "स्वल्प सरका की. तुमची कोण?"

"सून. तुमचं?"

"तिच्यासमोर बसलाय तो माझा मुलगा. पिढ्यान् पिढ्या इथलेच आम्ही. अक्का म्हणतात मला."

"मराठी जरा वेगळंच तुमचं."

"वेगळं तुमचं आहे. आमचं जुनं."

मी निमूट सरकलो. बायकोनं ऐकायला हवं होतं.

हा शेवटचा डाव. जिंकला तर माधवी देशाच्या स्पर्धेला. तिनं एक लांबलचक शब्द मांडला, गुण लिहिले, नव्या सोंगट्या काढल्या, आणि बटण दाबायचं विसरली. तिचाच वेळ पळायला लागला. समोरचा पोरगा हनुवटीला हात लावून आपल्या सोंगट्या बघत बसला. त्याला कळलं होतं. अक्कालाही कळलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं.

आणि नेमका तेव्हाच खोकला आला. खोटा नव्हे, खरा. पण आता खोकलो तर सासऱ्यानं खूण केली असंच म्हणतील. खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी उठलो आणि बाहेर जाऊन झाडाखाली मनसोक्त खोकलो.

मागोमाग अक्का थर्मासातलं गरम पाणी घेऊन आली.

"तिथंच खोकला असता तर तिला कळलं असतं."

"म्हणूनच तर उठलो."

तिनं थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. मग म्हणाली, "आमच्या पोरानं सांगायला हवं होतं."

"नियमात नाही म्हणे."

"नियमात नाही, सरी (बरं). घरी आला की बघते त्याला."

बऱ्याच वेळानं माधवी धावत आली. "बाबा, जिंकले! गुण कापले तरी जिंकले! तुमची खुर्ची रिकामी दिसली. म्हटलं, बाबांना काय झालं? मान वर केली, तर घड्याळ माझंच चालू!"

माझं तोंड उतरलं. म्हणजे मी उठलो म्हणून तिला कळलं.

"पंच कुठाय?"

"बाबा, नको."

"कुठाय?"

मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. खोकला, पंचा, खुर्ची, सगळं. माधवी मागं उभी, चेहरा पांढरा. अक्काचा मुलगाही आला. पंचानं त्याला विचारलं, तक्रार आहे का? पोरगा आईकडं बघून म्हणाला, "नाही." पंच हसला. "अज्जा (आजोबा), खोकला आल्यावर बाहेर जायचं, हाच तर आमचा नियम आहे. निकाल कायम."

परतताना मेट्रोत माधवीनं मला जागा करून दिली. मग म्हणाली, "निकाल गेला असता तर?"

"गेला असता."

"आणि पुढच्या वर्षी परत खेळले असते, तर तुम्ही आला असता?"

"न येऊन सांगतो कुणाला?"

आता मिरजेत बसून हे लिहितोय. इतकी वर्षं गाडी हाकताना मला वाटायचं, हॉर्न दिल्याशिवाय कुणाला वाट मिळत नाही. त्या दिवशी नुसता बाजूला झालो, तरी मिळाली. देशाच्या स्पर्धेलाही मी जाणार आहे. माधवीनं एकच अट घातलीय: बसायचं ते दाराजवळ.