समुद्राला वाढलेलं भात

आम्ही गाव सोडलं तेव्हा आम्हाला पोचवायला कुणीही आलं नाही. हे आधीच सांगते, कारण मागे राहिलेल्यांना हल्ली असं आठवतं म्हणे की सारं गाव रडत होतं. कुणी रडत नव्हतं. आमच्यात कुणी मुंबईला निघालं की आदल्या संध्याकाळी शेजारीपाजारी त्याच्या ओट्यावर जमतात, सायबिणीची, म्हणजे देवमातेची, लादाईन ही प्रार्थना गातात, उकडलेले चणे खातात आणि सकाळी मचव्यापर्यंत सोबत चालत येतात. आमच्या ओट्यावर आयेने मेणबत्ती लावली, एकटीनेच लादाईन सुरू केली, आणि जमलेल्यांनी द्यायचं ‘आमच्यासाठी विनंती कर’ हे उत्तरही तिनेच दिलं. मी बारा-तेरा वर्षांची असेन. रागाने मी उंबऱ्याच्या आतच बसून राहिले. बाबा आत वळकटी बांधत होते. सकाळी मचव्यातून रत्नागिरीचं बंदर, तिथून पडावाने आगबोट. शिडीवर बाबांनी आयेला हात दिला, मला उचलून वर घेतलं, आणि किनाऱ्याकडे पाठ करून बसले ते बसलेच.

आमचा गुन्हा ऐका. आम्ही भात कापलं होतं.

खोताची खाडीकाठची खाजण आम्ही कसायचो. खोत आमच्यासारखाच ख्रिस्ती, इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसणारा. खाडी आणि शेत यांच्यामध्ये दगडमातीचा बांध. त्या अंगाला खारं पाणी, या अंगाला भात. उधाणाचे दिवस आले की बाबा बांधावरून अनवाणी फिरायचे, खेकड्याने कुठे बीळ पाडलंय का ते पायाने चाचपायचे. बांधालगतच्या खारफुटीची, कांदळाची, फांदीसुद्धा कुणाला तोडू द्यायचे नाहीत. “कांदळ हाय तवर बांध हाय,” म्हणायचे. दुपारी पाद्रीबाब आम्हा पोरांना दोत्रिन, म्हणजे धर्माचे पाठ, शिकवायचे. देवाने ही सृष्टी केली, पाहिली, आणि त्याला ती चांगली वाटली. मग त्याने आपल्या प्रतिरूपाचा माणूस घडवला आणि त्याला बागेत ठेवलं, ते बाग कसायला आणि राखायला. आम्ही एका सुरात म्हणायचो. मला वाटायचं, हे माझ्या बाबांबद्दलच चाललंय.

सप्टेंबरात सायबिणीच्या जन्माचा सण येतो. त्या दिवशी खोताच्या घरातला थोरला शेतात उतरून पहिली कणसं कापणार, ती वाजतगाजत इगर्जीत नेणार, पाद्रीबाब त्यांच्यावर आशीर्वाद म्हणणार, आणि मग घरोघर कणीस वाटलं जाणार. तोवर कुणी विळा लावायचा नाही, नव्याचा दाणा तोंडात घालायचा नाही. रीत वाईट नव्हती. देवाचं आधी देवाला, हे मला आजही पटतं. पण त्या रीतीत मान सगळा खोताचा आणि चिखल सगळा आमचा होता.

त्या वर्षी सण तोंडावर आलेला आणि हळवं, लवकर येणारं भात पिकून पिवळंधमक उभं असताना उधाणाने बांध फोडला. भगदाड केवढं ते बघून बाबा धावत खोताकडे गेले. पुढच्या भरतीला शेत बुडणार, कापू का, असं विचारलं. खोत झोपाळ्यावर बसला होता. मानाची कणसं निघाल्याशिवाय विळा लावायचा नाही, एवढंच म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस तो. भगदाड बघायलासुद्धा उठला नाही. बाबा परत आले, खाजणीकडे तोंड करून कपाळाछातीवर बोटांनी कुरूस काढला, आणि आम्ही तिघं कापायला लागलो. पाणी गुडघ्याला लागेपर्यंत कापत होतो. निम्मं भात वाचलं.

रविवारी पाद्रीबाबांनी बाबांना इगर्जीच्या दारातच थांबवलं. माणूस वाईट नव्हता, पण जेवायचा खोताकडे. हातात मेणबत्ती घेऊन मिस, म्हणजे रविवारची उपासना, संपेपर्यंत दारात उभं राहायचं आणि मग सगळ्यांसमोर खोताची माफी मागायची, अशी शिक्षा ठरली होती. बाबा हळू बोलणारे, पण त्या दिवशी त्यांचा आवाज आतल्या शेवटच्या बाकापर्यंत गेला. “देवानं भात दिलान ते समुद्राला वाढायला न्हाय दिलान, पाद्रीबाब. चुकलो असंन तर देवाची माफी मागंन. खोताची कशापायी?”

मेणबत्ती त्यांनी घेतली नाही. दारातून मात्र हलले नाहीत, कारण मिस चुकवणं त्यांना माहीतच नव्हतं. सणाच्या दिवशी कणसं वाटणारे आमचं घर टाळून पुढच्या घरात गेले. आये पाट मांडून वाट बघत होती. त्यानंतर खोताने खाजण काढून घेतली, आणि जे शेजारी आमच्या चुलीवरून विस्तव न्यायचे ते आम्हाला बघून वाट बदलू लागले. देवाच्या प्रतिरूपाला दारात उभं करताना एकाचीही जीभ अडखळली नाही. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझं डोकं तडकतं.

मुंबईत माझगावला खोली मिळाली. बाबा गोदीत कोळसा उपसायला लागले. शिफ्ट संपवून आले की डोळे तेवढे पांढरे दिसायचे. फोरमन शिव्या द्यायचा, पण सगळ्यांना सारख्याच द्यायचा. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकले, पुढे शिवणाच्या कारखान्यात मशीनवर बसले, आणि आता रविवारी चर्चच्या कंपाउंडमध्ये पोरांना दोत्रिन शिकवते. इथे चर्चमध्ये कोण कुठे बसतो हे कुणी विचारत नाही. पुढचे बाक रिकामे असायचे. तरी बाबा जाऊन उभे राहायचे ते दारात. मी हाताला धरून ओढायचे. “असू दे बाय, हितं वारा येतो,” म्हणायचे. माणसाला एकदा दारात उभं केलं की तो मग कुणी न सांगताही तिथेच उभा राहतो. खोताच्या या पापाला कोणती मेणबत्ती पुरेल, ते मला कुणीतरी सांगावं.

गेल्या साली खोताचा मुलगा आमची खोली शोधत आला. खोत वारलेला, घरातला दिमाख ओसरलेला. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. खाटेवर बसून बाबांना म्हणाला, “इनास, झालं गेलं विसरूया. या साली सणाला ये. तुला माफ करायचं ठरलंय.”

माझ्या हातात चहाचा कप होता. तो त्याच्या अंगावर गेला नाही, ही सायबिणीची कृपा. बाबांनी मात्र माफीचा शब्द ऐकलासुद्धा नाही. “बांध कोण राखतंय?” त्यांनी विचारलं.

बांध कधीच गेला होता. कांदळ तोडून चुन्याच्या भट्ट्यांत जाळला. खाजणीवर मिठाचे पांढरे डाग आणि चिंबोऱ्या. आणि सण? सण होतो की, तो म्हणाला, शेजारच्या गावातून कणसं आणतो आम्ही. मानही अजून आमच्याच घराचा.

ऐकलंत ना? शेत बुडालं तरी चालेल, मान बुडता कामा नये! देवाने राखायला दिलेली जमीन यांनी खाडीच्या घशात घातली आणि उसन्या कणसांवर आशीर्वाद घेत बसले. बाबा त्या खाटेशेजारी जमिनीवर बसून रडले. दारात उभं केलं तेव्हा रडले नव्हते, गाव सोडताना रडले नव्हते. मग डोळे पुसून म्हणाले, “माफी र्‍हाऊ दे तुझी. बांधाला माणसं दे.”

नाताळ झाल्यावर ते निघाले. मी अडवलं, भांडले. आयेने भाकऱ्या बांधून दिल्या आणि एवढंच सांगितलं, “जावा. पण दारात उभं र्‍हाऊ नका.”

आगबोटीवरचा एक ओळखीचा खलाशी तिकडच्या बातम्या आणतो. खोताच्या मुलाने एकही माणूस दिला नाही. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले दोघे भाऊ, होडीवाले, आपण होऊन दगड टाकायला येतात. इगर्जीतलं कुणी येत नाही. गेल्या रविवारी बाबा चिखलाच्या पायांनी सरळ आत गेले आणि पहिल्या बाकावर बसले. त्या बाकावरची माणसं उठून मागे गेली. बाबा मिस संपेपर्यंत एकटे बसून राहिले.

गावच्या माणसांनो, मुंबईला आलेल्या आमच्या लोकांकडे तुम्ही निरोप धाडता, घरची आठवण ठेवा म्हणून. कुठलं घर? माझं घर म्हणजे तुमच्या गावात एका बाकावर एकटा बसलेला म्हातारा. ज्या रविवारी त्याच्या शेजारी कुणी जाऊन बसेल, आणि सोमवारी त्याच्याबरोबर चिखलात उतरेल, त्या दिवशी मला कळवा. मी मिळेल त्या आगबोटीने येईन.