तीस आणि दीडशे

शंभुलिंग सरांचा आवाज मला पाचवीपासून काढता येतो. आधी नाकातून फुस्कन श्वास, मग जड घसा आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला कानडी ‘हौदा?’, म्हणजे ‘होय ना?’. मुरूम गावच्या बाजारात मी तो काढला की भाजीवाली मल्लम्मा पदर सावरून उभी राहायची. सरांना ते ठाऊक होतं. म्हणायचे, “निकिता, उद्या शिकवणी तूच घे, मी झोपतो. हौदा?”

उन्हाळ्यात सोलापूरला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. सर नुसतं फळ्यावर लिहून शिकवू लागले. पडवीतली अकरावीची पोरं गळायला लागली. इंद्रजित तर तोंडावर म्हणाला, “सर, मुक्या फळ्यापेक्षा मोबाईल बरा.” सर हसले. हसण्यात नुसती हवा.

एके दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘निकिता, तू बोल. माझ्यासारखं.’

ते लिहीत, मी बोले. त्यांनी एक हात तिरपा वर केला.

“हा तीस अंशाचा. साइन किती?”

“अर्धा.”

“अजून कुठल्या कोनाचा अर्धा येतो? मूग गिळलेत काय?”

सरांनी पुढचं फळ्यावर लिहून ठेवलं आणि दोन्ही हात दोन बाजूंना तेवढेच तिरपे केले.

“बोटांची उंची बघा. सारखीच. एकशे ऐंशीतून तीस गेले, दीडशे. त्याचाही साइन अर्धाच. उंची एक, तोंडं उलटी. हौदा?”

“हौद, सर,” पोरं ओरडली, माझ्याकडं बघून. दोन्ही हात पसरलेले सर लई दिवसांनी खुशीत दिसले.

तेवढ्यात आतून सरांच्या पत्नी सिद्धम्माकाकू पळत आल्या. हात पिठानं भरलेले. आधी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“तू व्हय,” म्हणाल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. मग हळूच, “एकदा म्हण की गं. ‘सिद्धा, चहा टाक.’ असंच म्हणायचे.”

मी सरांकडं बघितलं. त्यांनी हात खाली घेतले.

“सिद्धा, चहा टाक. हौदा?”

“टाकते,” डोळे मिटूनच काकू म्हणाल्या आणि उठल्या.

चहा आला. पहिला कप काकूंनी सरांऐवजी माझ्यापुढं ठेवला.

सरांनी फळा पुसला. तीस गेले, दीडशे गेले. मग वळणदार अक्षरात लिहिलं, ‘उद्यापासून शिकवणी बंद.’ खडू ठेवला, आणि मी वाचून दाखवायची वाट बघत उभे राहिले.